रिमांड होममधून आलेल्या पोराकडे लक्ष ठेवायचं म्हणजे काय?

प्रश्न: मी संध्याकाळी वस्तीत कबड्डी शिकवतो. आमच्यातलाच एक १६ वर्षांचा पोरगा बाईकचोरीत सापडलेला, बाल न्याय मंडळाने आता प्रोबेशनवर सोडलंय. आई म्हणते, दादा जरा लक्ष ठेवा. पण ह्याचा ठपका कायमचाच का?

उत्तर: नाही हो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ बघा, अशा केसमुळे पुढे नोकरीबिकरीला अपात्र ठरवता येत नाही आणि अपिलाची किंवा नियमात ठरवलेली मुदत संपली की रेकॉर्डसुद्धा नष्ट करायचं असतं, चोरीच्या केसला तर हे लागूच आहे. खरा ठपका वस्ती लावते, कायदा नाही!

लक्ष ठेवणं म्हणजे पाळत नव्हे बरं का. परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे प्रोबेशनवरच्या पोरांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, एकदा भेटा, मी ह्याला रोज बघतो म्हणून सांगा, त्यांच्याकडे अशी ढीगभर पोरं असतात त्यामुळे त्यांनाही बरंच वाटेल. चोरीचा विषय तुम्ही काढू नका, तो काढेल तेव्हा ऐका. आणि इतर पोरांसमोर तर चुकूनही नको. दोन दिवस आला नाही तर ओरडायच्या आधी घरी जाऊन चहा प्या. मॅटची किल्ली त्याच्याकडे द्या, हो, त्याच्याचकडे.