शाळेच्या आवारातच प्रत्यक्ष व्यवसाय चालू दिले, तर मुलांच्या शिक्षणात खरोखर भर पडते का?

निश्चित पडते, मात्र काम खरे हवे आणि त्याला गिऱ्हाईकही खरे हवे. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमातून अनेक माध्यमिक शाळांत पोहोचलेल्या आयबीटी (इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी, म्हणजे मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख) या अभ्यासक्रमात मुले आठवड्यातील एक दिवस वेल्डिंग, वायरिंग, शेती-पशुपालन अशी कामे शिकतात आणि त्यांतून गावाला सेवाही पुरवतात. खिडकीची चौकट जोडताना दोन्ही कर्ण मोजून काटकोन तपासणाऱ्या मुलीला भूमिती निराळी घोकावी लागत नाही, आणि लोखंड, वेल्डिंगचे रॉड, वीज व मजुरी धरून दर काढताना तिचे व्यवहारी गणितही पक्के होते. अशा कामात मुलांना फुकटचे मजूर म्हणून राबवणे मात्र मला अजिबात मान्य नाही.