भट्टीवरचं काम: दोन आठवड्यांच्या सुट्टीनंतर लगेच पूर्ण पाळी करावी का?

नको. फाउंड्रीच्या उष्णतेची शरीराला लागलेली सवय आठवडाभर लांब राहिलं की उतरायला लागते. जुना कामगार इथेच फसतो. हात जुन्या वेगाने चालतात, शरीर तयार नसतं. पहिल्या दिवशी भट्टीपुढे नेहमीच्या निम्मा वेळ, दुसऱ्या दिवशी 60 टक्के, तिसऱ्या दिवशी 80, चौथ्या दिवशी पूर्ण. बाकी वेळ गारव्यातलं काम सुपरवायझरकडून आधीच मागून घ्या, नाहीतर कोणी विचारणार नाही. दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी. तहानेची वाट बघू नका. तासाला साधारण 1.4 लिटरच्या वर मात्र नको. माणूस भांबावला, जीभ अडखळली तर उष्माघात समजा: 108 ला फोन, लगेच सावलीत नेऊन अंगावर गार पाणी, पंखा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी अजिबात घालू नका.