एआय स्टार्टअपसाठी वरिष्ठ डिझाईन इंजिनिअर (पडदे आखणारा आणि त्यांचा कोडही लिहिणारा) निवडताना काय तपासावे, असाइनमेंट द्यावी का आणि पगार कोणत्या श्रेणीत ठरवावा?

आपण असाइनमेंटचा उल्लेख केला म्हणून लिहितो, एरवी या विषयावर बोलणे मी सोडून दिले होते. घरी करायची असाइनमेंट देऊ नका. आठ-दहा वर्षे काम केलेल्या माणसाकडून त्याचा रविवार फुकट मागण्यापेक्षा त्याला एका दिवसाचे पैसे द्या, आपल्याच कोडपाशी बसवा आणि आपल्याच उत्पादनातला खराखुरा दोष त्याच्या हाती द्या.

पुण्यातील ज्या स्टार्टअपची तांत्रिक बाजू मी सांभाळत होतो, तिथे आम्ही मराठीत उत्तरे देणारा सहायक तयार केला होता. उत्तर जसजसे येई तसतसे ते पडद्यावर उमटे, पण मधूनच एखाद्या अक्षराच्या जागी काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह येई, किंवा एखादी वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळाला लटकलेली दिसे. मॉडेलच मराठीत कच्चे आहे, असे आमच्या भागीदारांचे ठाम मत होते आणि अधिक महागडे मॉडेल घेण्याची बोलणीही सुरू झाली होती.

त्यांचा विरोध पत्करून मी एका उमेदवार बाईंना दिवसभरासाठी बोलावले. सर्व्हरकडून येणारे तुकडे तासभर न्याहाळून त्यांनी सांगितले की मॉडेलचा यात काही दोष नाही. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरे बाइट्सच्या रूपात साठवण्याच्या पद्धतीत, देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट्स घेते, आमचा तुकडा कधीकधी त्या तिन्हींच्या मधेच तुटत होता आणि आम्ही प्रत्येक तुकडा सुटासुटा उलगडत होतो. वेलांटीचे कारण निराळे होते: शब्द अलगद उमटावेत या हौसेपायी आम्ही प्रत्येक तुकड्याला वेगळी चौकट दिली होती, त्यामुळे मागून आलेल्या वेलांटीला तिचे व्यंजनच सापडत नव्हते. अपुरे अक्षर राखून ठेवायचे आणि ते पूर्ण झाल्यावरच दाखवायचे, हा बदल त्यांनी दुपारपर्यंत करून दाखवला. जेवताना त्यांनी विचारले की उत्तर चुकले असण्याची शक्यता वापरणाऱ्याच्या लक्षात यावी म्हणून पडद्यावर आपण काय ठेवले आहे. काहीच ठेवलेले नव्हते.

त्यांना आम्ही घेतले नाही. पोर्टफोलिओत डोळे दिपवणारे काही नाही आणि घरी करायच्या असाइनमेंटला त्यांनी नकार दिला म्हणजे जिद्द नाही, असे भागीदारांचे म्हणणे पडले, आणि मीही ते पुरेसे खोडून काढले नाही. त्यांच्याऐवजी निवडलेल्या गृहस्थांचे फिग्मा या डिझाईनच्या साधनातले पडदे खरोखर देखणे होते, मात्र त्यांनी बांधलेल्या पानावर उत्तर येत असताना वरचा मजकूर वाचू पाहणाऱ्याला ते पान पुन्हा पुन्हा खाली ओढत असे, आणि ते आम्ही दाखवून देईपर्यंत त्यांच्या लक्षात आले नव्हते.

अर्थात, सध्याच्या नोकरीच्या करारामुळे उमेदवाराला बाहेरचे पैसे घेता येत नसतील, तर दोन तासांच्या एकत्र कामावर भागवावे. तुमचे उत्पादन केवळ एपीआय, म्हणजे पडद्याविना इतर प्रोग्रॅमनी वापरायची जोडणी, असेल, तर या पदाची घाईच करू नये. पगार त्याच अनुभवाच्या प्रॉडक्ट इंजिनिअरच्या श्रेणीत ठरवावा. आमच्या भागीदारांनी तो डिझायनरच्या श्रेणीत बसवला होता, आणि त्या बाईंना पुढे होकार कळवला असता, तरी त्या आकड्यावर त्या आल्या नसत्या.