डिसेंबरमध्ये अंडी महागली की घरून केक विकणाऱ्यांनी काय करावं?

थंडीत अंड्यांचा खप वाढतो, त्यात नाताळच्या केकची भर, म्हणून भाव चढतो. पण सगळ्याच केकमधून अंडं काढू नका. चॉकलेट, गाजर किंवा केळ्याच्या केकमध्ये एका अंड्याऐवजी पाव कप ताजं दही आणि कपभर मैद्याला अर्धा छोटा चमचा खायचा सोडा पुरतो. ब्राउनी, कुकीजना एका अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात भिजवून घाला. व्हॅनिला स्पंजमध्ये मात्र जवसाची चव लपत नाही. तिथे कंडेन्स्ड मिल्क बरं, पण तेही स्वस्त नाही, आधी हिशोब मांडा. शिफॉन केक फेटलेल्या अंड्यांवरच फुगतो, त्याला अंडी लागणारच. त्याचा दर सरळ वाढवा. तसंही मार्गशीर्षातल्या गुरुवारी बरीच गिऱ्हाइकं एगलेसच मागतात.