माजावर आलेली म्हैस आणि वहीवरची लाल रेघ

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. सातवीतल्या मुलाने 'माझा आवडता प्राणी' या निबंधात लिहिलं, "आमची म्हैस माजावर आली की आजी रात्री झोपत नाही." बाईंनी 'माजावर'खाली लाल रेघ मारली आणि बाजूला 'असभ्य' असा शेरा दिला. घरात चर्चा झाली तेव्हा दीर म्हणाले, हा शब्द मुळात कानडी आहे, शुद्ध मराठीत 'मदावर' म्हणायचं. ताई विचारतात, खरं काय?

ताई, आधी दिरांचं निस्तरू. आपल्या भागात न पटलेला शब्द कानडीच्या नावावर खपवायची सवयच आहे, पण इथे कानडीचा काही संबंध नाही. कानडीत जनावराच्या या अवस्थेला, म्हणजे मादी नरासाठी तयार होते त्या वेळेला, 'बेदे' म्हणतात. चिकोडीकडचा कानडी शेतकरी 'बेदेगे बंदिदे' म्हणेल, शेजारचा मराठी शेतकरी 'म्हस माजावर आल्या' म्हणेल. गोठ्याला गोठा लागून असला तरी दोन भाषांनी आपापला शब्द सोडलेला नाही.

'माज'चं घराणं संस्कृतातल्या 'मद्' धातूचं. मद् म्हणजे धुंद होणं, नशा चढणं. संस्कृत 'द्य'चा प्राकृतात 'ज्ज' होतो आणि मराठीत येताना एक 'ज' गळून मागचा स्वर लांबतो. अद्य, अज्ज, आज. विद्युत्, विज्जु, वीज. त्याच वाटेने मद्य, मज्ज, माज. म्हणजे मद्य आणि माज एकाच पोटचे. एक पोथीत राहिला, एक गोठ्यात आला.

फारसीतला 'मस्त'ही याच कुळातला. मद्ला 'त' लागून संस्कृतात 'मत्त' झाला, इराणी भाषांत 'मस्त'. 'मस्त चहा झालाय' म्हणताना आपण मूळ अर्थाने चहाला धुंद म्हणतो. आणि 'मदमस्त हत्ती' लिहिणारे एकाच धातूला दोनदा कामाला लावतात. असो.

बाईंचा आक्षेप मात्र नीट बघण्यासारखा आहे, कारण तिथे खरी गंमत व्याकरणाची आहे. 'त्याला माज आलाय', 'माज करतोय', 'माज उतरवतो बघ' ही माणसाबद्दलची बोली. इथे माज म्हणजे गुर्मी, आणि ती ज्याची त्याची असते, म्हणून 'त्याला'. म्हशीबद्दल आपण 'म्हशीला माज आलाय' क्वचितच म्हणतो. म्हटलंच तर ती शिंगं उगारते म्हणून. एरवी म्हैस 'माजावर' येते, काही घरांत 'माजाला' येते. आता हे 'वर येणं' आणखी कुठे भेटतं ते बघा. आंबा मोहोरावर येतो, हरभरा फुलावर येतो. म्हणजे 'वर' लागलं की तो शब्द गुणदोष सांगत नाही, वेळ सांगतो, वाढीचा टप्पा सांगतो. शेतकऱ्याच्या तोंडी 'माजावर आली' हे वाक्य 'फुलावर आला' इतकंच निर्मळ आहे. नर मात्र माजावर येत नाही, तो नुसता 'माजतो'. रेड्याला असा ठरलेला टप्पा नसतो, हे क्रियापदालाही ठाऊक आहे.

माझ्या आजीचं गावही खानापूरकडचंच. ती रात्री कंदील घेऊन गोठ्यात जायची तेव्हा आम्हाला वाटायचं, चोराची भीती असेल. ती म्हशीचं शेपूट बघायला जायची. म्हशीचा माज बहुधा रात्री नाहीतर पहाटे दिसतो आणि गायीसारखा गाजावाजा करत नाही. गाय हंबरून गल्ली जागी करते, दुसऱ्या गायीवर चढते, आणि दुसरी तिच्यावर चढली तर हलत नाही, उभी राहते. म्हशीत यातलं निम्मंही दिसत नाही. चारा कमी खाल्ला, दूध घटलं, वारंवार मुतली, काचेच्या तारेसारखा बळस, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, लोंबला, तर लोंबला. त्यातही 'मुका माज' हा वेगळा प्रकार. आत सगळं वेळेवर घडतं, बाहेर पत्ता लागत नाही. मुका माज! भाषेने किती नेमकं नाव दिलंय.

आत काय घडतं? साधारण एकवीस दिवसांच्या फेऱ्याच्या शेवटी रक्तातल्या प्रोजेस्टेरॉन या रसायनाची पातळी कोसळते. अंडाशयात अंड्याभोवती पाण्याने भरलेली पुटकुळी वाढत असते, तिच्यातून इस्ट्रोजेन हे दुसरं रसायन रक्तात उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत पोचतं. जी गाय काल जवळ आलेल्या वळूला झटकून लावत होती ती आज त्याच्यासाठी उभी राहते, ती या रसायनामुळे. गायीत हे बारा ते अठरा तास टिकतं आणि माज ओसरल्यावर दहाबारा तासांनी अंडं सुटतं. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करून घ्या, आणि संध्याकाळी दिसला तर सकाळी, असं डॉक्टर सांगतात. व्यायल्यानंतरचा पहिला माज बऱ्याचदा मुका जातो, त्यालाही कारण आहे. इस्ट्रोजेनची हाक ऐकायला मेंदू आधी काही दिवस प्रोजेस्टेरॉनमध्ये भिजलेला असावा लागतो. पहिल्या खेपेला तो भिजलेला नसतो, मग अंडं सुटतं पण जनावर गप्प राहतं.

म्हशीच्या बाबतीत सूर्यही यात हात घालतो. दिवस लहान होऊ लागले की रात्रीच्या अंधारात मेंदूतल्या पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचं रसायन जास्त वेळ झिरपतं, आणि पावसाळा सरल्यापासून थंडीपर्यंत म्हशी जास्त करून माजावर येतात. बेळगावात दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात, तो नेमका याच दिवसांतला सण.

माज रक्तातून येतो हे १९२३ मध्ये सरळ सिद्ध झालं. ॲलन आणि डॉयझी या अमेरिकन संशोधकांनी अंडाशय काढून टाकलेल्या उंदीर-माद्यांना डुकरिणीच्या अंडाशयातल्या पुटकुळ्यांचं पाणी टोचलं आणि अंडाशयाशिवाय त्या माद्या माजावर आल्या. नराचं कोडं त्याआधीच, १८४९ मध्ये, जर्मनीत बेर्टहोल्डने सोडवलं होतं. खच्ची केलेल्या कोंबड्यांचा तुरा मावळतो, आरवणं जातं, कोंबडीकडे ते बघत नाहीत. त्याने काहींच्या पोटात वृषण पुन्हा बसवलं, जुन्या मज्जातंतूंशी न जोडता. तुरा फुलला, आरवणं परतलं. म्हणजे निरोप तंतूंतून जात नव्हता, रक्तातून जात होता. अशा निरोप्या रसायनांना १९०५ मध्ये स्टार्लिंगने 'हार्मोन' हे नाव दिलं, चेतवणं या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपला 'संप्रेरक' त्या अर्थाला अगदी चिकटून केलेला आहे. पारिभाषिक शब्दांना मी एरवी नाकं मुरडतो, याला नाही.

आता 'इस्ट्रोजेन'चं नाव फोडून बघा. त्यातला 'इस्ट्रस' म्हणजे माज, आणि ग्रीकात त्याचा मूळ अर्थ गोमाशी. गुरांना डसून सैरावैरा पळवणारी माशी. ग्रीक कथेत गाय झालेल्या आयोच्या मागे हेराने अशीच माशी लावली होती. तिकडच्यांना वाटलं जनावराला बाहेरून काहीतरी चावलंय. इकडच्यांना वाटलं त्याला आतून काहीतरी चढलंय. ॲलन-डॉयझींची सुई आपल्या बाजूने साक्ष देते. संप्रेरक रक्तात चढतं, मेंदूला धुंदी आणतं आणि उतरतं, हे वर्णन माशीपेक्षा मद्यालाच जास्त लागू पडतं. हे मी आपल्या शब्दावरच्या प्रेमापोटी थोडं ओढून बोलतोय, हे कबूल.

दिरांच्या 'मदा'लाही जागा आहे, पण ती हत्तीच्या गंडस्थळावर. दांडेलीच्या बाजूने तुमच्या तालुक्यात हत्ती उतरतात, तेव्हा तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. नराच्या डोळा आणि कानामधल्या ग्रंथीतून चिकट रस गळतो, त्या काळात टेस्टोस्टेरॉन हे नराचं संप्रेरक कित्येक पटींनी वाढलेलं असतं, तो खातो कमी आणि अंगावर येतो जास्त. हा मद, आणि तो गळतो. म्हैस 'मदावर आली' असं कुणी म्हणत नाही, म्हणू नये. हत्तिणीचं प्रकरण निराळंच. आपण तयार आहोत हे ती मुतातल्या एका रसायनाने कळवते. १९९६ मध्ये ते ओळखलं गेलं, तर शंभराहून अधिक कीटकांच्या, मुख्यतः पतंगांच्या, माद्या नराला बोलवायला तोच पदार्थ वापरतात असं निघालं. नर हत्ती सोंडेचं टोक त्यात बुडवून टाळूला लावतो. तुमच्या गोठ्यातला रेडा म्हशीचं मूत हुंगून वरचा ओठ उलटा करून आभाळाकडे बघतो ना, तो हेच करतो. टाळूच्या वर गंध ओळखणारं एक खास इंद्रिय असतं, तिथवर तो वास पोचवतो.

राहिल्या बाई. वर्तमानपत्रात रोज कुणाचं तरी 'खच्चीकरण' होतं, त्याखाली कुणी लाल रेघ मारत नाही; तो शब्द तर बैलाचे वृषण निकामी करण्याचा. 'भाकडकथा'ही त्याच गोठ्यातून आली, दूध न देणाऱ्या जनावरावरून. आईला 'पान्हा फुटतो' हे पाठ्यपुस्तकातही चालतं. ही सगळी जनावरं दारातून आत घेतली आणि माजावर आलेली म्हैस तेवढी बाहेर ठेवली, हे मला पटत नाही. बाईंच्या कानात माणसाची गुर्मी वाजली असणार, त्यात त्यांचा फार दोष नाही. भांडू नका, मोहोर आणि फुलाची उदाहरणं घालून चिठ्ठी द्या. मुलाच्या वाक्यात एक काना बदलायची गरज नाही.

एक मात्र मला तुमच्याकडून हवंय. मी वर 'बळस' लिहिलं, काही ठिकाणी 'सोट' म्हणतात. तुमच्या सासूबाई काय म्हणतात ते विचारून कळवा, आणि माहेर वेगळ्या बाजूचं असेल तर तिकडचाही शब्द.