सर्व्हर सांभाळणं म्हणजे वॉचमनची नोकरी का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. ताई धायरीला राहतात, मुलगा टीवाय बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे. त्याच्या मावशीचं कर्वेनगरला पोळी-भाजी केंद्र आहे, आसपासच्या हॉस्टेलच्या मुली तिथे डबे लावतात. तर या पठ्ठ्याने डब्याच्या ऑर्डरसाठी जावामध्ये एक ॲप लिहिलं आणि घरातल्या जुन्या लॅपटॉपवर उबंटू (विंडोजसारखीच सिस्टम, लिनक्सचा एक प्रकार) आणि टॉमकॅट (जावाची ॲप चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून गेले पाच महिने ते चालवतोय. वर्गातली सगळी पोरं फुल स्टॅकच्या, म्हणजे ॲपची पुढची-मागची दोन्ही बाजू लिहिण्याच्या, मागे आणि हा म्हणतो, मला लिहिण्यापेक्षा चालू ठेवण्यात मजा येते. एका क्लासने डेव्हऑप्सच्या (सॉफ्टवेअर लिहिणं आणि चालवणं एकत्र सांभाळण्याच्या) कोर्सचे ७५ हजार सांगितलेत, वर "१०० टक्के जॉब". आणि मिस्टर, जे स्वतः भोसरीला कंपनीत मेंटेनन्सला आहेत, ते म्हणतात की कोणीतरी बनवलेलं राखत बसायचं, म्हणजे वॉचमनचीच नोकरी की.

आधी मिस्टरांचंच घेतो, कारण मला ते वाचून हसू आलं. अहो, तुम्ही स्वतः मेंटेनन्सला ना? मग मशीन बंद पडल्यावर लाईन थांबते तेव्हा सगळे कोणाची वाट बघतात ते तुम्हाला मी काय सांगणार. तुमच्याकडे ब्रेकडाउन आणि प्रिव्हेंटिव्ह असे दोन भाग असतात, इथेही तेच. रात्री दोनला साईट पडली तर उठून उभी करणं हे ब्रेकडाउन, आणि ती पडूच नये म्हणून डिस्क किती भरली, मेमरी किती लागतेय, साईटचं सुरक्षेचं सर्टिफिकेट कधी संपतंय, बॅकअप खरंच परत येतो का हे बघत राहणं हे प्रिव्हेंटिव्ह. वंगण घालण्यासारखं काम आहे, दिसत नाही. दिसलं की समजायचं काहीतरी चुकलंय.

मी हे ऐकीव सांगत नाही. कौन्सेलिंग सुरू करायच्या आधी ११ वर्षं मी प्रॉडक्शन सपोर्टलाच होतो, हिंजवडीला. पहिल्याच वर्षी एका रात्री एका क्लायंटचं ॲप्लिकेशन झोपलं, बघतो तर डिस्क १०० टक्के भरलेली, कारण टॉमकॅटची कॅटालिना डॉट आउट नावाची लॉगची, म्हणजे नोंदींची, फाईल ४० जीबीची झाली होती आणि ती आपोआप कापली जाण्याची सोय कोणी लावलीच नव्हती. मी म्हटलं सोपं आहे, फाईल उडवली. परत बघितलं तर डिस्क अजून १०० टक्केच! फाईल गायब आणि जागा मात्र तशीच अडलेली, मला घामच फुटला. सीनियरना फोन लावला तर ते झोपेतच म्हणाले, अरे टॉमकॅटने ती फाईल उघडी धरलीय ना, तू नाव पुसलंस, फाईल नाही, तो सोडेपर्यंत लिनक्स जागा देणार नाही. फाईल उडवायची नसते, आतून रिकामी करायची असते. मग रीस्टार्ट केला आणि जागा सुटली. ही गोष्ट मला कॉलेजच्या तीन वर्षांत कोणी सांगितली नव्हती आणि त्या रात्रीनंतर मी ती कधी विसरलो नाही.

आता तुमच्या मुलाबद्दल. तुम्ही पत्रात जाता जाता एक लिहिलंय की तो दोन रात्री जागला कारण "टॉमकॅट ९ वर चालणारं १० वर चालेना, नुसतं ४०४ यायचं", म्हणजे 'पान सापडत नाही' असा एरर. ताई, तुम्हाला ती तक्रार वाटली, मला ती त्याची मार्कशीट वाटली. झालं असं की जावा ईई, म्हणजे जावाचा वेब ॲपसारख्या मोठ्या कामांसाठीचा भाग, ओरॅकल कंपनीने २०१७ मध्ये एक्लिप्स फाउंडेशन या संस्थेकडे द्यायचं ठरवलं, पण कोडमधलं जावाएक्स हे नाव पुढच्या बदलांसाठी वापरायची परवानगी काही मिळाली नाही, म्हणून नव्या आवृत्त्यांत सगळीकडे जकार्ता आलं. टॉमकॅट १० जकार्तावालं, ९ जुनं. जुनं ॲप तसंच उचलून १० वर ठेवलं की टॉमकॅट रडत नाही, ओरडत नाही, ॲपमधलं सर्व्हलेट (विनंती घेऊन उत्तर देणारा तुकडा) ओळखतच नाही आणि ४०४ दाखवून मोकळा. याने ते स्वतः शोधून काढलं. चूक काय ते सांगणारा मेसेज नसताना चूक कुठंय हे शोधता येणं, हेच तर या कामाला लागतं, आणि ते ७५ हजारात मिळत नाही.

तरी पण शेफारून जायचं काही कारण नाही. मी तुमच्या परवानगीने त्याला परवा फोन केला होता. पहिलाच प्रश्न विचारला, बॅकअप कुठंय रे? म्हणाला, आहे ना सर, रोज रात्री आपोआप होतो. कुठे? थोडा वेळ शांतता, मग, "त्याच लॅपटॉपवर". म्हणजे लॅपटॉपवर चहा सांडला की मावशीचा हिशोब आणि त्याचा बॅकअप दोन्ही एकदमच. अजून एक निघालं. पत्त्यात ८०८० (टॉमकॅटचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर) दिसायला नको म्हणून त्याने टॉमकॅट थेट ८० पोर्टवर आणला आणि ते जमेना म्हणून रूट, म्हणजे मशीनवर सगळे हक्क असलेला युजर, म्हणून चालवला.

इथून पुढचं त्याला वाचायला द्या ताई.

अरे बाबा, १०२४ च्या खालचे पोर्ट लिनक्स साध्या युजरला देत नाही त्याला कारण आहे. तू टॉमकॅट रूट म्हणून चालवलास म्हणजे तुझ्या ॲपमध्ये कोणाला एक भोक सापडलं की अख्खं मशीन त्याचं. मावशीकडे बघ ना, काउंटरवर एक जण बसतो, पैसे घेतो, ऑर्डर आत सांगतो, गिऱ्हाईक थेट तव्यापाशी जात नाही. तसा पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर बसव, ८० आणि ४४३ हे वेबचे पोर्ट त्याच्याकडे, आणि मागे टॉमकॅट ८०८० वरच राहू दे, स्वतःच्या वेगळ्या साध्या युजरने, बाहेरून दिसणार नाही असा. मग कधी ५०२ एरर आला तर तुला लगेच कळेल की काउंटर उघडाय पण आतला स्वयंपाक बंद पडलाय. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, पण ९० दिवसांत संपतं, तेव्हा नूतनीकरण आपोआप होतंय का ते आजच तपास, ९१ व्या दिवशी नको. टॉमकॅटचं मॅनेजर ॲप वापरत नसशील तर काढूनच टाक, त्याचा सोपा पासवर्ड शोधत फिरणारे बॉट दिवसरात्र चालू असतात. आणि टॉमकॅट हाताने सुरू करत बसू नकोस, सिस्टमडीची (लिनक्समध्ये प्रोग्रॅम आपोआप सुरू करणारी यंत्रणा) सर्व्हिस कर, म्हणजे लाईट जाऊन आली की मशीनबरोबर तोही उठेल.

लाईटवरून आठवलं, आईने लिहिलंय की गुरुवारी लाईट गेली की मुलींचे मावशीला फोन येतात. साहजिक आहे, गुरुवार आणि पुण्यातली लाईट यांचं काही मी नव्याने सांगायला नको. राऊटरला छोटा यूपीएस लाव, दीड-दोन हजारात येतो, पण खरं म्हणजे आता ॲप घरातून हलव. घरच्या ब्रॉडबँडला बहुतेक वेळा स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, नसतो, म्हणून तुला तो टनेलचा, म्हणजे मधल्या वाटेने पोचायचा, जुगाड करावा लागला ना? क्लाउडवर छोटं मशीन घे, महिन्याला पाचेकशे रुपयांपासून मिळतं, एडब्ल्यूएस म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाउडचं केंद्र तर २०१६ पासून मुंबईतच आहे. एक जीबी रॅमचं घेतलंस तर जावाला किती मेमरी घ्यायची ते तू ठरवून दे, नाहीतर मेमरी कमी पडली की लिनक्स स्वतःच कोणाला तरी मारतो आणि बहुतेक वेळा नंबर जावाचाच लागतो, कारण सगळ्यात जास्त त्यानेच खाल्लेली असते. पैसे मावशीकडून माग. खरंच माग. पाचशे रुपये देणारं गिऱ्हाईक आणि फुकट वापरणारी मावशी यात फरक असतो, बंद पडल्यावर बोलणी खाशील तेव्हा कळेल.

आणि एक वही कर. कधी बंद पडलं, कोणी सांगितलं, तुला आधी कळलं का मुलींनी फोन केल्यावर कळलं, कारण काय निघालं, किती वेळ गेला. बस्स. इंटरव्ह्यूला ती वही घेऊन जा. मी स्वतः माणसं घेतलीत या कामासाठी. दहा टूलची नावं सांगणारा आणि एकच सर्व्हर सहा महिने सांभाळून काय काय फाटलं ते सांगणारा, यातला दुसरा घ्यायला मला कधी पाच मिनिटांच्या वर लागली नाहीत.

परत ताई तुमच्याकडे. क्लास नको. डेव्हऑप्स हा शब्दच मुळात २००९ च्या आसपासचा, आणि त्यामागचा मुद्दा असा होता की लिहिणारे आणि चालवणारे यांच्यातली भिंत पाडायची. तो काही एक वेगळा जॉब नव्हता जो चार महिन्यांत शिकवता येईल. फ्रेशरला थेट डेव्हऑप्स म्हणून घेणाऱ्या जागा फार थोड्या, बहुतेक लोक ॲप्लिकेशन सपोर्ट नाहीतर लिनक्स ॲडमिनमधून वर सरकतात. सुरुवातीची एक-दोन वर्षं शिफ्ट असते, रात्रपाळी असते, दिवाळीलाही ड्यूटी लागते, हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर म्हणाल सरांनी सांगितलं नाही. मिस्टरांना पाळ्यांचं नवल नसेल. माझं मत विचाराल तर त्या दोन वर्षांत माणूस जेवढं शिकतो तेवढं नंतरच्या सहात शिकत नाही, पण झोपेचं गणित ज्याला जमत नाही त्याने या वाटेला जाऊ नये. मुलाची झोप कशी आहे ते तुम्हीच मला सांगा. आणि कोडिंग पूर्ण सोडतो म्हणत असेल तर कान धरा, शेल (लिनक्सला लिहून आज्ञा देणं) आणि पायथॉन तरी यायलाच हवं, रोज तेच तेच काम हाताने करणारा या लाईनीत फार पुढे जात नाही.

शिक्षणाचं म्हणाल तर बीएस्सीनंतर एमसीए करू दे, आता दोनच वर्षांचं आहे, राज्याची सीईटी असते, यावर्षीच फॉर्म भरा. त्यानंतर सीडॅकचा पर्याय बघा, १९८८ साली पुण्यात सुरू झालेली संस्था, परम ८००० या सुपरकॉम्प्युटरवाली, मिस्टरांना नाव माहीत असेल. त्यांचा आयटी इन्फ्रास्ट्रक्चर, सिस्टम्स आणि सिक्युरिटीचा साधारण सहा महिन्यांचा पीजी डिप्लोमा याच कामाचा आहे, सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पण पात्रता त्या वर्षीची नीट वाचा, नुसत्या बीएस्सीवर तिथले सगळे कोर्स उघडत नाहीत. मधल्या काळात रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए परीक्षा दिली तर चांगलंच, तिथे पर्याय निवडायचे प्रश्न नसतात, समोर मशीन देतात आणि करून दाखव म्हणतात. तिचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं, त्यामुळे घाई करून आत्ताच देऊ नका, नोकरी शोधायच्या जरा आधी.

आता एक काम सांगतो, येत्या गुरुवारी करायचं. भोसरीला गुरुवारची सुट्टी असते म्हणजे मिस्टर घरी असतील. मुलाला सांगा, मावशीच्या ॲपचा बॅकअप पेन ड्राईव्हवर घे, आणि तो जुना लॅपटॉप मिस्टरांच्या ताब्यात द्या, कपाटात कुलूप लावून ठेवला तरी चालेल. मावशीला आधी कळवून ठेवा, त्या दिवशी ऑर्डर फोनवर. मग मुलाने दुसऱ्या कुठल्याही मशीनवर, मित्राचा लॅपटॉप चालेल, कोऱ्यापासून सगळं उभं करायचं, मुलींच्या कालपर्यंतच्या ऑर्डर दिसेपर्यंत. मिस्टरांनी बाजूला बसून घड्याळ लावायचं, काही बोलायचं नाही, फक्त तो कुठे कुठे अडला ते कागदावर लिहायचं, ब्रेकडाउन रिपोर्ट लिहितात तसंच. किती वेळ लागला तो आकडा आणि तो कागद, दोन्हीचा फोटो मला पाठवा. पुढचं त्यावरून बोलू.