नाशिकमध्ये छोट्या फुलवाल्याने सुपरमार्केट आणि ऑनलाइन विक्रेत्यांपुढे कसं टिकावं?

भावात त्यांच्याशी भिडू नका. ताजेपणा आणि रोजचा रतीब यांवर धंदा उभा करा. पंचवटीतल्या आमच्या दुकानाचा हाच अनुभव आहे. जानोरी-मोहाडीचे गुलाब इथून जवळच, दिंडोरी तालुक्यात पिकतात. पहाटे तोडलेलं फूल सकाळी आपल्या बादलीत असतं. देठ तिरका कापा, पाण्यात बुडणारी पानं काढा, पाणी रोज बदला. नाहीतर जिवाणूंनी देठ तुंबतो आणि फूल मान टाकतं. पूजेची फुलपुडी सातच्या आत दारात पोचवा: सोमवारी बेल, चतुर्थीला दूर्वा न सांगता घाला. गिऱ्हाईक यासाठीच थांबतं. मात्र दसऱ्याला, लग्नसराईत भाव एका रात्रीत चढतात, म्हणून मोठ्या ऑर्डरचा दर महिनाभर आधी कबूल करू नका.